डाव्या अंगाचं इंजिन

लग्न होऊन मी शिरोड्याजवळच्या आमच्या गावात आले तेव्हा सासरच्या दारात एक अमेरिकन पिकप गाडी उभी होती. उभी होती म्हणजे नुसती उभीच. लढाईनंतर लिलावात निघालेली ही गाडी आमच्या ह्यांनी कुठून तरी पैदा केली होती, आणि तिच्या पेट्रोलच्या इंजिनाने माझ्या गृहप्रवेशाआधीच मान टाकली होती. टपावर मिरच्या वाळत आणि आत सीटवर कोंबड्या अंडी घालत. माहेरच्यांनी 'मुलाची स्वतःची गाडी आहे' एवढंच ऐकून होकार दिला होता. ती चालते का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तिकडे मुंबईत थोरल्या दिरांनी ह्यांच्यासाठी गिरणीत नोकरी बघून ठेवली होती. आमच्याकडे मुंबईची नोकरी म्हणजे नवरा तिकडे, बायको इकडे, आणि वर्षातून एकदा भेट. मला नवरा मनिऑर्डरीतून नको होता. हे मी चारचौघांत बोलून दाखवलं आणि नवी सून असून फटकळ ठरले. माझे सासरे, मामंजी, यांनी मग एक तोड काढली. यंदा आपल्या आंब्याच्या पेट्या ह्या गाडीने वेंगुर्ल्याच्या बंदरावर आगबोटीला पोचवल्या, तर मुलाने इथेच राहून गाडीवर पोट भरावं. नाहीतर त्याच आगबोटीत बसून मुंबई गाठावी.

आता इंजिन हवं होतं. त्या अमेरिकन कंपनीचं इंजिन आमच्या मुलखात कुठून मिळणार? पण आरोंद्याच्या खाडीत नुकतीच एक लाँच फुटली होती आणि तिच्यावर इंजिन सांभाळणारा माणूस ह्यांचा मावसभाऊ होता. त्याने तिचं विलायती डिझेल इंजिन बैलगाडीत घालून आणलं. गाडी अमेरिकन, इंजिन विलायती, आणि त्यांचं लग्न लावणारे हे दोघे गावठी. पत्रिका जुळवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

फणसाच्या फांदीला दोर बांधून जुनं इंजिन वर काढलं, नवं खाली सोडलं. एकही भोक दुसऱ्या भोकासमोर येईना. लाँचीत इंजिन लाकडावर बसवतात, म्हणून मावसभावाने इथेही ऐनाचे ठोकळे घातले. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाची जाड तबकडी लागत होती, ती लोहाराने पुन्हा पुन्हा करून दिली. एवढं करून बॉनेट लागेना, तेव्हा ते काढून ठेवलं आणि कोंबड्यांची सोय त्यात झाली. ह्यांच्या कपाळावर कायम ग्रीसचा टिळा असे. मी चहा घेऊन गेले की माझ्याकडे न बघता इंजिनाकडे बघून हसत. त्या इंजिनाचा मला मत्सर वाटायचा आणि तेच चालावं म्हणून मी देवाला हात जोडायची.

सगळं बसल्यावर मामंजींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या गाडयेक जां काय दुसरा इंजिन घातला आसा, तां मागे-पुढे बरा चलू दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

मावसभावाने हँडल मारलं. इंजिन अशा काही आवाजात सुरू झालं की माडांवरचे कावळे उडाले. ह्यांनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी ऐटीत मागे जाऊन गोठ्याच्या कुडाला भिडली. दुसरा गियर टाकला, ती कुडासकट आणखी जोरात मागे गेली. मग मागचा गियर टाकून बघितला, तेव्हा ती पुढे आली.

"बाबा, तुमी गाऱ्हाण्यात 'मागे' पयला म्हटलात," हे म्हणाले. "देवान तांच आयकला."

मावसभाऊ मात्र शांतपणे विडी पेटवत होता. "ह्यां लाँचीच्या डाव्या अंगाचा इंजिन," तो म्हणाला. "लाँचीक पाण्यात दोन पंखे आसले की एक सुलटो फिरता, एक उलटो. ह्यां उलटाच फिरता."

"माका आधी कित्याक सांगूक नाय?" हे ओरडले.

"तू इचारलंस खंय?"

"आणि उजव्या अंगाचा खंय आसा?"

"खाडयेत. तळाक."

पुढे जायला एकच गियर, त्यात गाडी माणसाच्या चालीने जायची आणि जरा चढ आला की पाणी ओकायची. आगबोट दुसऱ्या दिवशी येणार होती. सकाळी उठून बघते तर मामंजी बैलगाडी जुंपून केव्हाच बंदराकडे पुढे गेलेले. पिकपमध्ये पेट्या भरलेल्या, आणि हे चाकाशी डोकं धरून बसलेले.

"अवो, मग उलटीच नेया," मी म्हटलं.

"लोक हसतले."

"हसांदेत. तुमी मुंबैक गेलात तर माका रडूचा लागतला, तेचा काय?"

ह्यांना मागचं काही दिसेना, पेट्यांची रास आड येत होती. मी नऊवारीचा काचा घट्ट खोचला आणि राशीवर चढून बसले. गाडी निघाली, पाठमोरी आणि झोकात. पहिल्या वळणावर मी ओरडले, "डावीकडे." ह्यांनी त्यांच्या डावीकडे घेतली आणि आम्ही वाटेकडेच्या दगडी गडग्याचे चार चिरे पाडले.

"खंयच्या डावीकडे? तुझ्या काय माझ्या?" हे खालून ओरडले.

पाठीला पाठ करून बसलेल्या नवरा-बायकोची डावी बाजू एक कशी असेल? पण दर्या दोघांनाही एकाच बाजूला होता, आणि डोंगर दुसऱ्या. मग मी "दर्याकडे" म्हणायला लागले आणि "डोंगराकडे" म्हणायला लागले, आणि गाडी सुतासारखी सरळ चालली. बायका विहिरीवरून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसत होते.

आगबोटीचा भोंगा झाला तेव्हा आम्ही बंदरावर पोचलो. धक्क्यावर मामंजी उभे होते आणि त्यांच्या पायाशी ह्यांची पत्र्याची ट्रंक होती. माझ्या नकळत भरलेली, कुलूप घातलेली. मी वरून उतरलेच नाही.

हमालांनी माझ्या आजूबाजूच्या पेट्या उतरवून आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात घातल्या. मामंजी गाडीला एक फेरी मारून आले. चेपलेला पत्रा बघितला, माझ्या केसांतला पाला बघितला.

"परत कशे जातल्यात?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"इलंव तशेच."

मामंजींनी वाकून ट्रंक उचलली. ती त्यांनी पडावाकडे नेली नाही, गाडीत माझ्या पुढ्यात आणून ठेवली.

"हेच्यार बस गो," ते म्हणाले. "रस्तो बरो दिसात."

परतीच्या वाटेवर त्या ट्रंकेने माझी हाडं खिळखिळी केली. तरी घर येईपर्यंत मी तिच्यावरून उठले नाही.