मावशींच्या पिकअपचा चौथा गिअर

गॅरेज सासऱ्यांचं, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम सुनेचं, ही वाटणी गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. सासऱ्यांची हयात क्लचच्या गाड्यांत गेलेली. ऑटोमॅटिक आली की ते हात झटकायचे. सुनेनं मात्र दहा वर्षांपूर्वी भंगारातून तसला एक गिअरबॉक्स घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर चारदा खोलून चारदा जोडला. नवरा महिनाभर उभ्यानं जेवला, पण बायको शिकली.

एका सकाळी रोपवाल्या मावशींची पिकअप दोरीनं ओढत आली. मावशींची नर्सरी टेकडीवर, बाजार खाली. डावा गुडघा वाकत नसल्यानं क्लचची गाडी त्यांना जमणारच नव्हती. म्हणून तर ती जुनीपुराणी तीन गिअरांची ऑटोमॅटिक त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. सुनेनं गिअरबॉक्स खोलला. आतल्या चकत्या जळून कोळसा, आणि ते सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते.

"सगळे म्हणतात, भंगारात घाल," मावशी म्हणाल्या. "तूही तेच म्हणणार असशील तर आत्ताच म्हण बाई, म्हणजे मी रडून मोकळी होते."

"दोन दिवस थांबा, मग रडा," सून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिला एका मोडीत निघालेल्या व्हॅनचा चार गिअरांचा ऑटोमॅटिक सापडला. इंजिनला जोडायच्या बोल्टांची भोकं तंतोतंत जुळत होती. फक्त डबा जुन्यापेक्षा चार बोटं लांब. सासऱ्यांना हसू आवरेना. "उंटाची मान बैलाला लावतेस की काय, सूनबाई?"

"मान लांब असेल तर धड मागे सरकवू, बाबा."

गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर टेकतो ती तिनं मागे घेतली, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, नवी भोकं पाडली. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट तेवढाच आखूड करायला टर्नरकडे नेला. "माप कुणी काढलं?" त्यानं विचारलं. "मी," म्हटल्यावर त्यानं स्वतः पुन्हा मोजलं. दोनदा. मग लेथ सुरू केलं.

बसवायच्या दिवशी जॅकवर डबा वर चढला आणि इंजिनपासून बोटभर अंतरावर अडला. सासऱ्यांनी पाना उचलला. "बोल्ट आवळ, आपोआप येईल जवळ."

"नको, बाबा. कन्व्हर्टर पुरता आत बसला नाहीये." कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारं ते भोपळ्याएवढं लोखंडी भांडं. "तीनदा खट् व्हायला हवं, दोनदाच झालंय. आवळलं तर आतला पंप फुटेल."

"चाळीस वर्षं बोल्ट आवळतोय मी! मला शिकवतेस?"

सुनेनं जॅकचा दांडा धरला. मग म्हणाली, "क्लचचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं. हे मी उतरवणार."

तिनं सगळा डबा पुन्हा खाली घेतला. सासरे तणतणत बाजूला उभे राहिले, पण गेले नाहीत. तिनं भांडं दोन्ही हातांनी फिरवत, दाबत, पुन्हा फिरवत नेलं. खट्! भांडं चांगलं बोटभर आत गेलं. सासऱ्यांनी वाकून पट्टीनं खोली मोजली, दोनदा पाहिली, आणि पाना तिच्या हातात ठेवला. "तूच आवळ."

गाडी बाहेर काढली तेव्हा नेहमी स्वतः घेत ती चावी सासऱ्यांनी सुनेला दिली. ते शेजारच्या सीटवर बसले, मागे मावशी आणि मातीची दहा पोती. चढावर गिअर उशिरा बदलतोय म्हणून सुनेनं गाडी थांबवली, ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी केबल दोन आटे सैल केली आणि पुन्हा निघाली. आता पहिला, दुसरा, तिसरा लोण्यासारखे पडले. माथ्यावरच्या सपाटीला लागताच चौथा पडला आणि इंजिनाची घरघर एकदम खाली आली.

मावशींनी मागून छतावर थाप मारली. "अगं, बिघडली की काय? आवाजच गेला!"

"बिघडली नाही!" सासऱ्यांनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं. "चौथा गिअर आहे तो! आमच्या सुनेनं बसवलाय!"

त्या आठवड्यात त्यांनी बाजारातले दोन म्हातारे मिस्त्री आणून पिकअपखाली झोपवले आणि नवी भोकं टॉर्चनं एकेक दाखवली. सून तेव्हा दुसरी गाडी खोलत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण हातातलं काम मात्र बराच वेळ थांबलेलं होतं.