झुडपातली दोघं

चित्रासमोर उभ्या राहिल्या की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ जायच्या. "लांबून काय, सगळेच बघतात," म्हणायच्या.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर त्या लालबागला आमच्या वर्कशॉपमध्ये येऊ लागल्या. आम्ही तिथे तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून सुईने चित्रं कोरतो, रेघा आम्लात खोल करतो आणि मग कागदावर त्यांचे ठसे काढतो. दारातूनच सगळ्यांना 'जय भीम', मग डबा उघडून सुकटीची चटणी वाटायची, मग काम. तुम्ही असतात तर तुम्हालाही मिळाली असती.

एक जुनं डच निसर्गचित्र त्यांनी नक्कल करायला घेतलं. माळ, मोठी झाडं, वर भरून आलेलं आभाळ. नक्कल म्हणजे रेघेला रेघ. एक दिवस भिंगातून बघता बघता त्या एकट्याच हसायला लागल्या. आम्ही जमलो. कोपऱ्यातल्या गडद झुडपात एक जोडपं लपून बसलं होतं. मी ते चित्र कितीदा पाहिलं असेल, पण ही दोघं कधी दिसली नव्हती.

मग त्यांनी सांगितलं, लग्न झालं तेव्हा परळच्या चाळीत एका खोलीत नऊ माणसं. दोन शब्द बोलायचे तर फाइव्ह गार्डनला जाऊन झाडाखाली बसायचं. मिस्टर बस कंडक्टर. ड्युटी सुटली की खाकी कपड्यांतच यायचे.

पुढे पत्रा आम्लात जरा जास्त राहिला. ठसा काढला तर झाडं, आभाळ झकास. झुडूप मात्र डांबरासारखं काळं. जोडपं गेलं. मी म्हटलं, राहू द्या बाई, कुणाला कळणार आहे?

त्यांनी भिंग काळ्या झुडपावर धरलं. मग म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत कुणी उठवलं नाही रे त्यांना. मी उठवू?"

तेवढाच भाग घासून त्यांनी सपाट केला, पुन्हा मेण चढवलं आणि सुई घेऊन बसल्या. दोनदा फसलं. नंतर एका दुपारी ओला कागद पत्र्यावरून उचलला, तर दोघं आपल्या जागी. बाईंनी शाईच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.

आता बाई आणि मिस्टर नाशिकला मुलीकडे असतात. मला आठवतो तो आमच्या प्रदर्शनाचा दिवस. मिस्टर भिंग घेऊन चित्राला चिकटलेले, मागे माणसं खोळंबलेली. बराच वेळ शोधल्यावर जोडपं सापडलं, तेव्हा ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "अगं, पण माझा हात कुठाय?"

"माझ्या खांद्यावर," बाई लाजून म्हणाल्या. "नीट बघा."