अंगठा, ओटीपी नाहीतर चेहरा

लोह्याला एसटी स्टँडच्या मागं माझं सेवा केंद्र आहे. शेतकऱ्याचा सरकारी हप्ता अडकला की माणूस आधी मारुतीला नारळ फोडतो, मग माझ्याकडं येतो. त्यामुळं किस्से साठतच जातात, एक सांगेपर्यंत दारात दुसरा उभा. मित्र म्हणतात, "हसवून राहिलास का रडवून राहिलास, एक काहीतरी ठरव." मला तरी कुठं ठरवता येतंय.

तर, शेतकरी खरंच हाय का, हे मधूनमधून सरकारला दाखवावं लागतं. त्याला ई-केवायसी म्हणतात. मार्ग तीनच. अंगठा लावा, स्वतःच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा, नाहीतर कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा. ज्याची त्यालाच करावी लागते.

*

पारूबाईची दहाही बोटं लावून झाली, मशीन काही घेईना. रेषाच उरलेल्या न्हाईत. सगळा जन्म निंदण-खुरपणात गेलेला.

"सरकारला रेषा पाहिजे होत्या तर आधी सांगायचं की बाबा," ती म्हणाली. "खुरपं हातात धरलंच नसतं."

*

तुकारामला यादीत चुकून मयत दाखवलेलं. ऑफिसात म्हणाले, जिवंत असल्याचे दोन साक्षीदार आणा. नेमकी सोयाबीनची काढणी, कुणी रान सोडून यायला तयार न्हाई.

"खरंच मेलो असतो तर चार जण आले असते," तुकाराम म्हणाला आणि दिवसभर माझ्या बाकड्यावर बसून राहिला.

*

किशनमामाचं तोंड कॅमेरा वळखेना. आधारच्या फोटोत गुळगुळीत, समोर छातीपर्यंत दाढी. मी म्हणालो, "मामा, शेजारी सलून हाय, साफ करून या." पोरगं वारल्यापासून मामांनी दाढीला वस्तरा लावला नव्हता, हे मला काय ठाऊक.

आले साफ करून. कॅमेऱ्यानं लगेच वळखलं. मामांनी स्क्रीनवर स्वतःला बघितलं आणि तोंडावर उपरणं धरलं.

"ह्यो तर माझा पोरगा दिसून राहिला," म्हणाले.

त्या दिवसापासून मी कुणाला दाढी करा म्हणत न्हाई. तरी गोष्ट मामांच्या गावभर झालीच.

*

सुलोचनाबाई किशनमामांच्याच गावची. तिचा नवरा ज्ञानोबा दोन वर्षांखाली घर सोडून गेला. मुदखेडला रेल्वेत चढताना गावातल्या एकानं बघितला, तेवढंच. मोबाईल बंद. सुलोचनाबाई अजून कुंकू लावते, त्यावरून गावात लई बोलतात.

परवा दीर तिला घेऊन आला. "साहेब, भावाच्या नावापुढं मयत टाकायचा अर्ज भरा. पुढं जमिनीला वारस लावता येतील." सरपंचाचं पत्र त्यानं आणलेलंच होतं. बाईनं फक्त अंगठा द्यायचा. ती दोन्ही हात पदरात घालून बसलेली.

"वैनी, अजून किती वाट बघणार?" दीर म्हणाला.

मला त्याचा राग आला. पण मी दुकान मांडून बसलेला माणूस, बोलणार काय? "आधी त्यांच्या हप्त्याचं स्टेटस बघू," म्हणालो. वेळ काढायला, दुसरं काय. मागच्या महिन्यात तिनंच बघायला लावलं होतं, तेव्हा ई-केवायसी बाकी होती.

स्क्रीनवर आलं : ई-केवायसी पूर्ण.

मी नंबर पुन्हा टाकला. तेच आलं. दिरानं वाकून वाचलं, पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"म्हंजी काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठंतरी केलीय त्यांनी, ताई. स्वतः जाऊन. ह्याच महिन्यात."

"कुठं?"

"ते यात दिसत न्हाई."

तिनं खुर्ची पुढं ओढली. स्क्रीनवर नवऱ्याचं नाव होतं, त्यावर हळूच बोट ठेवलं.

"तोंड दावून केली असंल तर मशीननं वळखलं म्हणायचं," ती म्हणाली. "म्हंजी दाढी वेळच्या वेळी करून राहिलेत."