बद्री पेंटरचा ठ

बद्रीनाथ इंगोले हे नाव मार्केट यार्डात सांगितलं तर माणसं विचारात पडतात. बद्री पेंटर म्हटलं की लगेच वर बोट करतात. कांदा-बटाट्याच्या ज्या गाळ्यांवर अजून हातानं रंगवलेल्या पाट्या आहेत, त्यांतल्या बहुतेक त्यांच्या आहेत. पहाटे ट्रक लागायचे आणि हमाल पाठीवर पोती घेऊन शिडीला घासून जायचे. शिडी हलली की हे श्वास धरायचे आणि थांबली की रेघ पुढे न्यायचे. ‘ठोक व्यापारी’ हे शब्द त्यांनी किती पाट्यांवर लिहिले याची गणती नाही. म्हणूनच की काय, सगळ्या अक्षरांत त्यांचा जीव ठवर आहे.

“क ला शेपूट असते, ग ला काठी असते, थोडं चुकलं तर झाकता येतं,” असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. “ठ उघडा असतो बाई. तिथं पेंटर कळतो.”

ती भेट आमच्या शाळेच्या दारात झाली, एकोणीसशे शहाण्णव साली. मी तेव्हा गुलटेकडीच्या मनपा शाळेत चौथीला शिकवत होते, आणि हे शिडीवर उभे राहून ‘मराठी शाळा’ रंगवत होते. ठी मधला गोल त्यांनी दोन फटक्यांत काढला. खाली ना दोरी, ना पेन्सिलीची खूण. मी आयुष्यभर खडूला दोरी बांधून फळ्यावर गोल काढलेले, त्यामुळे माझा विश्वास बसेना. ते जेवायला गेल्यावर मी भूमितीचा मोठा लाकडी कंपास आणला, शिडीवर चढले आणि ओल्या रंगाला न शिवता तो गोल फिरवून पाहिला. कंपासचं टोक सगळीकडून काठावरूनच गेलं. दुपारी ते परत आले. शिडीच्या पायरीवर खडूची पूड पडली होती, तिच्याकडे बघून म्हणाले, “पास झालो का?”

पुढे फ्लेक्सचे फलक आले आणि पाट्या गेल्या. मी निवृत्त झाले. योगायोगानं आमची घरं एकाच इमारतीत आली, त्यांचं तळमजल्यावर आणि माझं पहिल्यावर. उजव्या हातानं इतकी वर्षं वर पोचत राहिल्यानं त्यांचा डावा खांदा थोडा उतरलेला आहे. ते लांबून चालत आले तरी ओळखू येतात.

त्रेसष्टाव्या वर्षी ते कॉम्प्युटर शिकले. तिसऱ्या मजल्यावर दीपमाला नावाची मुलगी दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. ती हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला आहे आणि मूळची रिसोडची, म्हणजे पेंटरांच्याच वाशीम भागातली. त्यामुळे तिच्याशी बोलताना त्यांची भाषा पंचेचाळीस वर्षं मागे जाते. कोणीतरी काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर तिनं त्यांना मिळवून दिला आणि त्यावर लिनक्स घालून दिलं. ही प्रणाली फुकट मिळते आणि तिचं आतलं कामकाज कोणालाही उघडून बघता येतं, हे तिनं सांगितलं तेव्हा पेंटर खूश झाले. “झाकण बंद करून विकतात त्याच्यापेक्षा बरं,” म्हणाले. मग अक्षरं काढायचा एक प्रोग्राम ते चिकाटीनं शिकले. त्यात तयार गोल असतो, तो मात्र कधी वापरला नाही. म्हणायचे, त्यात जीव नसतो.

यंदा आमच्या शाळेनं पहिलीच्या वर्गासाठी अक्षरांचे तक्ते करायचे ठरवले. एका तक्त्यावर एक अक्षर, वीतभर उंच, मुलांना बोटानं गिरवता येईल असं. मी पेंटरांचं नाव सुचवलं. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांनी एकोणीस अक्षरं काढली. मग उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जग जरा वेगळं दिसेल, लांबचं लगेच स्वच्छ दिसेल, जवळच्या नजरेला वेळ लागेल. तसंच झालं. विमलाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, निळी साडी इतकी निळी आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

दहा दिवस विश्रांती घेऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले. सुरू करताच यंत्रानं अपडेट घेतलं आणि पडदा काळा झाला. त्यांनी दीपमालाला फोन लावला. ती ऑफिसात होती, घाईत होती. यंत्र सुरू होताना एक कळ दाबून जी ओळ दिसते, तिच्या शेवटी एक इंग्रजी शब्द लिहा, असं सांगून तिनं फोनवर त्या शब्दाची नऊ अक्षरं एकेक करून सांगितली. ‘नोमोडसेट’. शब्द लिहिला आणि चित्र आलं. रविवारी येऊन नीट करते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. नंतर कंपनीत मोठं काम निघालं, रविवारीही कंपनीची बस पकडावी लागू लागली, आणि ती विसरली.

चित्र आलं, पण त्यातली आधीची एकोणीस अक्षरं पेंटरांना सुजल्यासारखी दिसली. ठ तर आडवा पसरला होता. त्यांच्या मनात जे आलं ते अगदी त्यांच्यासारखं होतं. त्यांना वाटलं, आपण मोतीबिंदूच्या डोळ्यानं चुकीचं काढत होतो, आता नजर साफ झाली म्हणून चूक दिसते. आयुष्यभर रेघ चुकली तर दोष हाताचा किंवा डोळ्याचा. ब्रशला दोष देणारा पेंटर त्यांनी कधी मानला नाही. त्यांनी सगळी अक्षरं पहिल्यापासून पुन्हा काढायला घेतली. बावीस दिवस रोज सकाळी तो नऊ अक्षरांचा शब्द लिहायचा, यंत्र सुरू करायचं आणि बसायचं.

सगळं झाल्यावर ठ चा नमुना छापायला ते शनिवार पेठेत आमोदच्या दुकानात गेले. आमोद बोलायला पुणेरी आहे. छापून आलेला कागद त्यानं हातात दिला आणि म्हणाला, “काका, अंडं उभं राहिलंय. उकडून देऊ का?”

पेंटरांना पहिल्यांदाच एखाद्या यंत्राचा संशय आला. छापायचं यंत्र बिघडलंय असं ते म्हणाले. आमोदनं प्रोग्राममधला तयार गोल छापून दिला. तो कागदावर बिनचूक गोल आला. घरी येऊन त्यांनी तोच तयार गोल आपल्या पडद्यावर काढला. तो जाड, आडवा दिसला. म्हणजे खरा गोल आता आपल्याला जवळून गोल दिसत नाही, एवढंच त्यांना त्यातून कळलं.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. “बाई, तक्ते दुसऱ्याकडून करून घ्या,” म्हणाले. “माझी जवळची नजर गेली.” मी काहीबाही समजावलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, तेही त्यांनी रद्द करायला सांगितलं होतं. उरलेला एक तरी राहू दे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याबरोबर खाली जाऊन त्या पडद्याकडे एकदा बघायला हवं होतं. मला ते सुचलं नाही. तपासायचं सुचलं असतं तर कंपासवाली ती बाई मी राहिले असते.

रविवारी दीपमाला आली. आठवण विमलाबाईंनी जिन्यात गाठून करून दिली होती. मीही खाली गेले. टेबलाच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तो इंग्रजी शब्द लाल रंगात, काळी छटा देऊन, दुकानाच्या पाटीसारखा रंगवलेला. दीपमाला त्या कागदाकडे बघत राहिली.

“काका, हे तुम्ही रोज टाइप करता?”

“तूच सांगितलं न माय.”

“एका दिवसापुरतं सांगितलं होतं.”

“ते कुठं सांगितलं?”

ती खुर्ची ओढून बसली. मी विचारलं तेव्हा तिनं मला साध्या भाषेत सांगितलं. यंत्र सुरू होताना पडद्याचं माप काढतं आणि त्या मापाचं चित्र पाठवतं. चित्र पाठवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि ते कार्ड कसं चालवायचं हे सांगणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटमध्ये या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर निघून गेला होता. तो शब्द लिहिला की यंत्र माप काढायच्या भानगडीत पडत नाही, ठरलेलं साधं चित्र पाठवतं. ते चित्र अरुंद, पडदा रुंद. मग पडदा ते दोन्हीकडून ताणून बसवतो.

तिनं कार्डाचा नंबर शोधला आणि त्याचा जुना ड्रायव्हर पुन्हा बसवला. तो शब्द न लिहिता यंत्र सुरू केलं. पडदा काळा झाला. मग वर पांढरी अक्षरं सरसर गेली, पुन्हा काळा झाला. विमलाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मग चित्र आलं, स्वच्छ आणि बारीक, ओलं फडकं फिरवलेल्या फळ्यासारखं.

पेंटरांनी ठ उघडला. तो आता पडद्यावरही उभा, किडकिडीत दिसला, कागदावर होता तसाच. मागोमाग बाकीची अक्षरं उघडली. सगळीच वाळलेली. ते खुर्चीवरून उठले.

“आता तर मशीन नीट झाली ना? मग हे पाहा. माझ्याच हातचं आहे हे.”

दीपमालानं माझ्याकडे पट्टी मागितली. आमोदनं छापलेला ठ टेबलावर पसरला आणि गोलाची उंची मोजली. बारा सेंटिमीटर. रुंदी मोजली. नऊ. मग कागदाच्या कोपऱ्यात तिनं दोन आकडे लिहिले. तेराशे सहासष्ट, म्हणजे पडद्याच्या रुंदीतले खरे ठिपके, आणि एक हजार चोवीस, म्हणजे बावीस दिवस यंत्र पाठवत होतं तेवढे. मोबाइलवर एकाला दुसऱ्यानं भागलं. चारास तीन, जवळजवळ तंतोतंत. बारास नऊ म्हणजेही तेच. तिनं पट्टी पुन्हा लावली. पुन्हा नऊच.

“काका, हा गोल कशानं काढला?”

“हातानं. तुझ्या तयार गोलाला कधी शिवलो नाही. नंतर एकदा काढून पाहिला, तर तोही जाड दिसला.”

“तो जाडच दिसत होता. मशीन पडद्याच्या पाऊणपट रुंदीचं चित्र पाठवत होती आणि पडदा ते ताणत होता. तुम्ही ताणलेल्या पडद्यावर गोल काढला, म्हणून तो कागदावर पाऊणपट आला.” तिचा आवाज हळू झाला होता. “तुमचा डोळा चुकला असता तर इथं नऊ आले नसते. साडेआठ आले असते, दहा आले असते.”

मी त्या कागदाकडे बघत होते. यंत्राच्या आत किती खोटं होतं त्याचा आकडा या मुलीला भागाकार करून काढावा लागला. तोच आकडा एका माणसानं, सातवीपर्यंत शिकलेल्या, नुकतंच भिंग बसवलेल्या एका डोळ्यानं, नकळत कागदावर लिहून ठेवला होता. एकतीस वर्षं मी मुलांना परीघ आणि व्यास शिकवले. गोल म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता.

पेंटर हळूहळू परत बसले. “जुना ठ हाय का अजून? ऑपरेशनच्या आधीचा?”

तो होता. त्यांनी काही पुसलेलं नव्हतं, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. दीपमालानं नवी अक्षरं सगळी एकदम निवडली आणि रुंदी चारास तीनच्या हिशेबानं वाढवली. वाळलेल्या रांगेत एका क्षणात अंग भरलं. मग तिनं जुना ठ लाल केला, नवा काळा केला आणि एकावर एक ठेवला.

लाल कुठंच दिसेना.

तिनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. उजवीकडे खालच्या वळणावर केसाएवढी लाल कड दिसली. पेंटर पुढे वाकून बघत होते. “तिथं जुना जरा जास्त आहे,” म्हणाले. “मोतीबिंदू होता तेव्हा.”

“आणि ताटं?” विमलाबाई मागून म्हणाल्या. “रोज दोन वेळा ताट समोर येत होतं. ते तर गोल दिसत होतं न? तेव्हा नाही कळलं डोळा ठीक हाय म्हणून?”

“ताट समोर असलं की लक्ष जेवणात असते.”

दीपमाला हसली, आणि हसतानाच तिचे डोळे भरून आले. माझ्यामुळे तुमचे बावीस दिवस गेले, असं ती म्हणू लागली. पेंटरांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. अक्षरं दोनदा काढली की हात पक्का होतो, एवढंच म्हणाले. तिनं भिंतीवरचा तो रंगवलेला कागद काढायला हात वर केला, तर म्हणाले, राहू दे, इंग्रजी अक्षरं बरी जमली आहेत.

तक्ते मे महिन्यात छापून झाले. आमोदनं ठ हातात घेतला, दुकानाच्या उजेडात धरला आणि या वेळी अंड्याचं नाव काढलं नाही.

हल्ली सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरते तेव्हा पेंटरांचं दार उघडं असतं. यंत्र सुरू झालं की ते पडद्यावर एक तयार गोल काढतात आणि त्यावर दहा रुपयांचं नाणं धरून बघतात. नाणं सगळीकडून बसलं की नाणं खिशात जातं आणि काम सुरू होतं.

दीपमाला आली होती त्या रविवारी मी निघाले तेव्हा ते डोळ्यात औषध घालायला मान वर करून बसले होते. विमलाबाई थेंब सोडत होत्या. तसंच, छताकडे बघत, पेंटर म्हणाले, “दवाखान्यात फोन कर. डाव्या डोळ्याची तारीख पुन्हा घे.”