व्याह्यांची खेळती हवा

“दार लावून घ्या,” मी तिसऱ्यांदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

मे महिना होता. सातपूरच्या आईस्क्रीम फॅक्टरीत मी क्वालिटी पाहत होते. शेठच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. लासलगावचे व्याही कांद्याचे बडे व्यापारी. ते सगळं घर घेऊन फॅक्टरी बघायला आले होते. विहीणबाई, नणदा, जावा, झालंच तर शेजारीसुद्धा.

नेमका लग्नाचाच केशर-पिस्ता त्या वेळी हार्डनिंग रूममध्ये होता. मशीनमधून आईस्क्रीम श्रीखंडासारखं मऊ निघतं. कप भरले की ते या खोलीत जातात. आत उणे पंचवीस. तिथे झटपट गोठलं, तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळत गोठलं, की कण मोठे होतात आणि दाताखाली कचकच लागते. म्हणून दार बंद हवं. एवढंच शास्त्र आहे.

मी दार लावलं. व्याह्यांनी ते उघडलं आणि मध्ये एक रिकामं कॅरेट सरकवलं.

“मॅडम, माल कोंडून ठेवला की सडतो. आमच्या कांद्याच्या चाळीत बघा, हवा कशी खेळती ऱ्हाते!”

“तो कांदा आहे. हे आईस्क्रीम आहे.”

“माल तो माल. तीस वर्सं धंदा केलाय म्या.”

मी शेठकडे पाहिलं. एरवी हा माणूस दार अर्धा मिनिट उघडं राहिलं तर कामगाराच्या सात पिढ्या उद्धरायचा. आता तो पंख्याकडे बघत होता.

“मॅडम, असू द्या,” शेठ पुटपुटले. “मुलीकडची बाजू आहे आमची.”

मग तिथेच खुर्च्या मांडल्या. गार वाऱ्यात चहा झाला, फोटो झाले. विहीणबाईंनी कपांच्या कॅरेटना हळदकुंकू वाहिलं. “लय गार हाय हो!” एक नणंद म्हणाली. बाहेरून गरम वारा सरळ आत शिरत होता. मला रडू येत होतं, आणि शेठ भजी वाढत होते.

दुसऱ्या दिवशी मी कप फोडून चाखला. कचकच.

“शेठ, ही बॅच लग्नात नको. तीन दिवस आहेत, नवीन काढू. नाहीतर भर मांडवात फॅक्टरीची अब्रू जाईल.”

“विहीणबाईंनी हळदकुंकू वाहिलेला माल बदलायचा? अपशकुन होईल! कुणाला कळतंय?”

सगळ्यांना कळलं. पंगतीत लोक चमचा तोंडात घालून थबकायचे आणि कप हळूच खुर्चीखाली सरकवायचे. मुलीने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला तिचंच तेवढं वाईट वाटलं.

व्याह्यांनी एक चमचा खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा! म्या तवाच म्हनलो व्हतो. कोंडून ठेवलं की माल बिघडतो!”

“खरंय तुमचं,” शेठ हात जोडून म्हणाले.

यंत्राला मानपान कळत नाही, हे मला तेव्हा पटलं. माणसाला दुसरं काहीच कळत नाही, हे सोमवारी कळलं. शेठने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “मॅडम, हार्डनिंग रूमला एखादी छोटी खिडकी काढता येईल का?”