फिनाईलचं फडकं

“ॲरिस्टॉटल तत्त्ववेत्ता होता. कोंबडीवाला नव्हता.”

सर हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात अंड्यांचा डबा होता. वर्ग हसला. नागपुरातलं जुनं कॉलेज, एमएस्सी, प्राणिशास्त्र. माझा सेमिनार होता, ॲरिस्टॉटलनं विज्ञानाला काय दिलं यावर. मागून एकानं विचारलं, “काय वं, ऑम्लेट पण देऊन राहिली का?”

मी अजून एकही अंडं फोडलं नव्हतं.

“तुमच्या घरी चालत असेल, इथं नाही,” सर म्हणाले. “टेबल पुसून घे. फिनाईल टाकून.”

तुमच्या. हजेरी घेताना माझ्या आडनावाशी ते जरा थांबतात. त्या थांबण्यात काय होतं, ते त्या दिवशी तोंडातून बाहेर आलं. त्याच टेबलावर फॉर्मॅलिनमधले मासे, बेडूक मांडलेले असतात. तेव्हा काही बाटत नाही.

मी पुसलं. वर ‘सॉरी सर’ म्हणाले. इंग्रजी शाळेत हे फार लवकर शिकले होते.

“पुढच्या आठवड्यात फक्त स्लाईड्स. नाहीतर मार्क विसर.”

हाताचा वास जाईना. जेवताना यायचा, बसमध्ये यायचा. मी परत वाचायला बसायचे, उठायचे, परत बसायचे. ॲरिस्टॉटलनं कोंबडीखालची अंडी एकेक करून फोडली. आत काय घडतंय ते डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. गर्भाच्या अभ्यासाला ही वाट त्यानं दिली. त्यानंच असंही लिहिलं की काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, बाई अपुरी असते. तिथं त्यानं काही उघडून पाहिलं नाही. पुढं शेकडो वर्षं लोकांनी त्याचा शब्द धरला आणि त्याचं पाहणं सोडून दिलं. ज्यांनी परत पाहिलं, त्यांनीच विज्ञान पुढं नेलं. त्याला चूक ठरवूनसुद्धा.

मी हुडकेश्वरला मामीकडे गेले. तिच्या अंगणात कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. मामी म्हणाली, “नेऊन राहिली तर ने. पण तिनं चोच मारली त मले सांगू नको वं.”

पुढच्या आठवड्यात तेच टेबल. सर उठले. “पुन्हा तेच? फडकं आण.”

“नाही सर.”

मी एक अंडं उचललं. चिमट्यानं कवचाचा तुकडा काढला. आत रक्ताचा एवढासा ठिपका उडत होता. हृदय.

“आधी बघा,” मी म्हणाले.

ऑम्लेट मागणारा पुढं आला, वाकला. मग त्या ठिपक्याकडे बघत राहिला. सर जागचे हलले नाहीत. मार्कांच्या कागदावर त्यांनी माझ्या नावापुढं रेघ ओढली.

पुढच्या सत्रातही सर तेच आहेत, टेबल तेच आहे. मी पुन्हा अंडी नेणार. ज्याला टेबल बाटलेलं दिसतं त्यानं ते पुसावं. फडकं सिंकपाशी टांगलेलं आहे. मी त्याला हात लावणार नाही.