ॲस्टरचं पान

नारीन या डोंगरातल्या थंड गावात बुरुलकानच्या घरापुढे हातभर अंगण आहे. त्यात बटाटे लावायचे की फुलं, यावरून तिचं आणि थोरल्या दिराचं वाजलेलं. नवरा गेल्यापासून हा दीर, तेमिरबेक, घरचा कर्ता झालेला. आमच्यात सून थोरल्या दिराचं नाव तोंडातून काढत नाही. मेली तरी नाही. बुरुलकानचे केस पिकले, पण "भाऊजी"च्या पुढे तिची जीभ कधी गेली नव्हती.

फुलांचं पुस्तक त्यानेच राजधानीतून आणलेलं, चांगलं जाडजूड. थोरल्याने दिलेलं म्हणजे शिरसावंद्य! दोन वर्षं बाईने त्यात लिहिल्याप्रमाणे वसंत लागताच उघड्यावर बी टाकलं, आणि दोन्ही वर्षं हिमाने रोपं काळी केली.

"फुलं खाणारेस का?" दीर म्हणाला. "यंदा काही उगवलं नाही तर बटाटे. शेवटचं सांगतोय."

ती उठली नि बाजारात जुनी पुस्तकं विकणाऱ्या सोरोनबायकडे गेली. हातात येईल त्या पुस्तकात ती आधी ॲस्टर शोधायची.

"अहो ताई, गुलाब बघा की! काय एकेक फोटो आहेत!"

"गुलाबाबद्दल थापा मारल्या तर मला काय कळणार? ॲस्टर मी आईच्या अंगणात वाढवलेत. त्यांच्याबद्दल खोटं लिहिणारा बाकीचंही खोटंच लिहिणार." तिने एक पुस्तक फटकन मिटलं. "यात नुसतं फूल. खुरपताना फूल असतं का कुठे? पान दाखव मला, पान!"

"तुमच्यासारखी आणखी दोन गिऱ्हाइकं आली ना, की दुकानाला कुलूपच!"

शेवटी तिने पुठ्ठा गेलेलं एक बारकं पुस्तक उचललं. त्यात कोवळ्या रोपाचं चित्र होतं, आणि लिहिलं होतं, रात्री गोठत असतील तर बी आधी खिडकीत, डब्यात लावा.

तिने तसंच केलं. हिम सरल्यावर रोपं अंगणात लावली आणि ती तगली.

एका सकाळी दीर फावडं घेऊन आला. "नुसतं तण माजलंय!"

"भाऊजी, ॲस्टर आहेत ते." तिने धावत जाऊन पुस्तक आणलं, चित्र रोपाशेजारी धरलं. "बघा तरी!"

"मी दिलेलं टाकून हे लक्तर आणलंस?" त्याने चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फावडं पहिल्या ओळीत घातलं.

"तेमिरबेक!"

गल्लीतल्या नळावरच्या बायकांच्या बादल्या भरून वाहू लागल्या. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काय म्हणालीस?"

बुरुलकान फावड्यापुढे येऊन उभी राहिली. "ऐकलंत ते. अजून एक रोप तोडा, नळापर्यंत ऐकू गेलंय ते चौकापर्यंत जाईल."

तो फावडं तिथेच टाकून गेला. उन्हाळा सरता सरता अंगण जांभळं झालं, पण गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून धुमसतच होत्या. त्यातली एक कुंपणाशी येऊन म्हणालीच, "थोरल्या दिराचं नाव घेतलंस! काहीच कसं वाटलं नाही गं तुला?"

"वाटलं की," फुलं खुडता खुडता बुरुलकान म्हणाली. "बरं वाटलं."